घरासाठी खोदाई आणि जागेची तयारी : ठेकेदार नेमण्यापासून जोते भरेपर्यंत

स्वतःचे घर बांधणारी माणसे फरशी, खिडक्या आणि रंग यांची निवड करण्यात महिने घालवतात. खोदाईचे काम मात्र बहुतेक वेळा एका फोनवर ठरते. ओळखीचा जेसीबीवाला तासाचा दर सांगतो, मुहूर्त निघतो, नारळ फुटतो आणि यंत्र कामाला लागते. पुढे कठीण खडक लागला, शेजाऱ्याची भिंत हलली किंवा तहसील कार्यालयाचे पथक डंपर अडवून उभे राहिले, म्हणजे मग आधी काय ठरले होते याची शोधाशोध सुरू होते आणि ठरलेले काहीच नव्हते असे लक्षात येते. हे काम जमिनीखाली झाकले जाणारे असल्यामुळे नंतर ते तपासता येत नाही, आणि पायातील दोष काढण्याचा खर्च मूळ खोदाईच्या कितीतरी पट होतो. म्हणून जमिनीत काय आहे, किती खोदायचे आहे आणि ते कसे मोजायचे आहे, या तीन गोष्टी यंत्र जागेवर येण्यापूर्वी लेखी ठरलेल्या असाव्यात, हा माझा आग्रह आहे. पुढील विवेचन पुणे, नाशिक, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर अशा दख्खनच्या पठारावरील जमिनीत दोन मजली घर बांधणाऱ्याला समोर ठेवून केले आहे. कोकण आणि गोव्याविषयी ओघात स्वतंत्र लिहिले आहे.

हद्द आणि कागदपत्रे

सर्वांत आधी हद्द. कुंपण किंवा जुना बांध म्हणजे हद्द असे गृहीत धरू नये. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा, मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना हजर राहण्याची विनंती स्वतःही करावी आणि मोजणीचा नकाशा, म्हणजे ‘क’ प्रत, हाती आल्यावर हद्दीच्या खुणांवर काँक्रीटचे खुंट बसवावेत. लाकडी खुंट्या यंत्राच्या चाकाखाली पहिल्याच दिवशी जातात.

सातबारा उताऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना अनेक जण वाचतच नाहीत. विहीर, कूपनलिका, जलवाहिनीचा किंवा वहिवाटीचा हक्क यांच्या नोंदी तिथे सापडू शकतात, आणि बुजवलेली जुनी विहीर नेमकी एखाद्या फूटिंगखाली, म्हणजे खांबाखालच्या पायाखाली, येणे हा प्रकार दुर्मीळ नाही. जमीन अकृषिक झालेली आहे ना, बांधकाम परवानगी आणि काम सुरू करण्याचे प्रमाणपत्र मिळाले आहे ना, हे वास्तुविशारदाकडून लेखी खात्री करून घ्यावे. नदी किंवा मोठा ओढा जवळ असेल तर निळी आणि लाल पूररेषा जागेवरून जाते का, हेही आत्ताच पाहावे. खोदाई झाल्यावर नाही. झाड तोडायचे असेल तर शहरी हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड आपल्या जागेत आहे म्हणून ते जेसीबीने ढकलून मोकळे होता येत नाही.

जमिनीच्या पोटात काय आहे

खोदाईचा खर्च, वेळ आणि वाद हे तिन्ही थरांवर अवलंबून असतात. पठारावर वरून खाली जाताना साधारणपणे काळी माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक आणि मग काळा कठीण बेसॉल्ट असा क्रम आढळतो; पण प्रत्येक थराची जाडी दोनशे फुटांच्या अंतरातही बदलते. टेकडीच्या उतारावर वीतभर मातीखाली खडक असतो, तर नदीकाठच्या सखल भागात काळी माती कित्येक फूट खोल जाते. शेजाऱ्याला चार फुटांवर मुरूम लागला, म्हणजे आपल्यालाही तिथेच लागेल असे समजून केलेला अंदाज म्हणूनच धोक्याचा असतो.

काळ्या मातीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या रुंद भेगा त्याच्याच. पाया या थरात ठेवला तर दर पावसाळ्यात तो उचलला जातो, दर उन्हाळ्यात खाली बसतो, आणि दोन-तीन वर्षांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघू लागतात. म्हणून शक्य असेल तिथे काळी माती पूर्ण भेदून पाया कठीण मुरमावर किंवा खडकावर न्यावा. थर फारच खोल असेल तर रचना अभियंता वेगळा पाया सुचवतो; रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केलेले, खालच्या टोकाला फुगीर असणारे अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल नेलेले काँक्रीटचे खांब) हा त्यांपैकी एक मार्ग आहे.

हे कळण्यासाठी ठेका देण्यापूर्वी दोन किंवा तीन चाचणी खड्डे घ्यावेत. जेसीबीचे हे दोन-तीन तासांचे काम असते आणि त्यावरचा खर्च हा या संपूर्ण कामातील सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे. खड्डे फूटिंगच्या जागी न घेता नियोजित बांधकामाच्या थोडे बाहेर घ्यावेत, नाहीतर पायाखालचीच जमीन सैल होते. प्रत्येक खड्ड्यात मोजपट्टी सोडून, कोणता थर किती फुटांवर सुरू होतो ते दिसेल असे छायाचित्र काढावे, पाणी लागले असल्यास त्याची पातळी लिहून ठेवावी आणि रचना अभियंत्याला तो खड्डा प्रत्यक्ष दाखवावा. इमारत दोन मजल्यांहून मोठी असेल, जागा भरावाची असेल किंवा पूर्वी तिथे दगडखाण असल्याचे गावात कोणी सांगत असेल, तर चाचणी खड्ड्यांवर न थांबता माती परीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळेकडून बोअर घेऊन जमिनीची भारधारण क्षमता आणि मातीचा मुक्त फुगवटा (पाण्यात ती किती फुगते) यांचा अहवाल घ्यावा.

किती खोदायचे : ब्रासचे गणित

आपल्याकडे माती, मुरूम आणि खडी यांचा व्यवहार ब्रासमध्ये चालतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. हे गणित घरमालकाने स्वतः करून पाहिल्याशिवाय कोणाचाही दर स्वस्त की महाग हे कळत नाही.

समजा, नऊ फूटिंग आहेत, प्रत्येकाचे माप ६ फूट बाय ६ फूट आणि खोली ६ फूट आहे. एका खड्ड्याचे घनफळ २१६ घनफूट, नवांचे १९४४ घनफूट, म्हणजे सुमारे साडेएकोणीस ब्रास. परंतु आत उतरून शटरिंग (काँक्रीटचा साचा) करायला प्रत्येक बाजूला फूटभर मोकळी जागा लागते आणि यंत्राच्या बकेटनेही काटेकोर चौकोन निघत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष खड्डा ८ फूट बाय ८ फूट होतो आणि एकूण खोदाई ३४५६ घनफुटांवर, म्हणजे साडेचौतीस ब्रासांवर जाते. एकाच नकाशातून निघणाऱ्या या दोन आकड्यांत पंधरा ब्रासांचा फरक आहे, आणि ठेकेदार कोणता आकडा धरणार आहे हे आधी ठरले नसेल तर भांडण अटळ आहे. माझ्या मते कामाची मोकळी जागा धरून खड्ड्याचे माप नकाशावर आधीच लिहावे आणि त्याच मापाचे पैसे द्यावेत. त्याहून जास्त खोदले तर ती ठेकेदाराची जबाबदारी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खोदून बाहेर काढलेली माती सैल होऊन फुगते. मातीत ही वाढ साधारण पाव हिश्श्याची असते, फोडलेल्या खडकात ती त्याहून बरीच अधिक. म्हणजे साडेचौतीस ब्रास खोदाईतून डंपरमध्ये भरताना त्रेचाळीस ब्रासांच्या आसपास माल दिसतो. कोणी डंपरच्या फेऱ्या मोजून खोदाईचे बिल देत असेल तर ते बिल आपोआप पाव पटीने फुगते. खोदाईचे मोजमाप नेहमी जमिनीतील खड्ड्याचे घ्यावे, आणि वाहतुकीचे मोजमाप डंपरच्या हौद्याची लांबी, रुंदी, उंची स्वतः मोजून घ्यावे.

तासावर की मापावर

झुडपे काढणे, वरची माती सारणे, जागा सपाट करणे अशी कामे तासावर द्यायला हरकत नाही, कारण त्यांचे मोजमाप करणे किचकट असते. तेव्हा मात्र यंत्रावरील तासमापकाचा आकडा सुरू करताना आणि थांबवताना दोघांनी मिळून वहीत लिहावा. यंत्र आणण्या-नेण्याचे भाडे वेगळे आहे का, किमान किती तासांचे पैसे लागतील, डंपरची वाट पाहत यंत्र उभे राहिले तर तो वेळ धरायचा का, हे आधीच विचारावे. एका यंत्राला पुरेसे डंपर नसतील तर मालकाचे पैसे यंत्र उभे राहण्यावरच जातात.

पायाचे खड्डे मात्र ब्रासवर द्यावेत आणि दर थरानुसार वेगळे घ्यावेत : माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतही खोदाईचे असेच वर्गीकरण असते, त्यामुळे ठेकेदाराला ते नवीन नसते. कोणता थर ‘कठीण खडक’ म्हणायचा याची व्याख्या करारात एका वाक्यात लिहावी. जेसीबीच्या बकेटने जे निघते ते खडक नव्हे, आणि ज्याला ब्रेकर, म्हणजे खडक फोडणारे अवजार, लावल्याशिवाय गत्यंतर नाही ते कठीण खडक, अशी साधी कसोटी घरगुती कामाला पुरते. ब्रेकर लावण्यापूर्वी मालकाला किंवा अभियंत्याला थर दाखवावा, ही अट हवीच. वस्तीत सुरुंगाचा विचार करू नये. त्यासाठी परवाना आणि परवानाधारक माणूस लागतो आणि शेजारच्या घरांना बसणारे हादरे वेगळेच.

ठेकेदार निवडताना किमान तिघांना चाचणी खड्डे प्रत्यक्ष दाखवून लेखी दर मागावेत. फोनवरून सांगितलेल्या दराची तुलना होत नाही. यंत्र त्याचे स्वतःचे आहे की तो दुसऱ्याचे आणणार आहे, यंत्राचा विमा चालू आहे का, यंत्र चालवणारा किती अनुभवी आहे आणि मधेच दुसऱ्या साइटवर जाणार नाही ना, हे विचारावे. त्याने नुकत्याच केलेल्या एखाद्या कामावर जाऊन तिथल्या खड्ड्यांच्या कडा आणि तळ पाहावा. खोदाईत यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्याचा हात महत्त्वाचा असतो, हे तिथे पाच मिनिटांत दिसते. सर्वांत कमी दर देणाऱ्याने वाहतूक, पाणी उपसा किंवा परतभरणी (पाया झाल्यावर खड्डे पुन्हा भरणे) यांपैकी काहीतरी धरलेले नसते, असा माझा अनुभव आहे. म्हणून दरपत्रकात काय समाविष्ट नाही हे त्याच्याकडूनच लिहून घ्यावे.

करार दोन पानांचा असला तरी चालेल, पण त्यात खड्ड्यांचे माप व खोली, थरनिहाय दर, मोजणीची पद्धत, निघालेल्या मालाचे काय करायचे, पाणी उपसण्याची जबाबदारी, शेजारच्या मालमत्तेला इजा झाल्यास भरपाई कोणाची आणि पैसे देण्याचे टप्पे हे मुद्दे असावेत. आगाऊ रक्कम यंत्र आणण्याच्या खर्चापुरतीच द्यावी.

यंत्र येण्यापूर्वी

जमिनीखालच्या वाहिन्यांची चौकशी हा टप्पा गावठाणात आणि जुन्या वसाहतींत विशेष महत्त्वाचा आहे. महावितरणच्या स्थानिक कार्यालयात भूमिगत केबलविषयी, ग्रामपंचायत किंवा महापालिकेत जलवाहिनी व सांडपाणी वाहिनीविषयी, आणि गॅसची पाइपलाइन असलेल्या भागात त्या कंपनीकडे विचारणा करावी. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल ॲप याच हेतूने सुरू केले आहे. खोदणाऱ्याने त्यावर आगाऊ सूचना द्यायची असते. डोक्यावरून उच्चदाब वीजवाहिनी जात असेल तर डंपरचा हौदा वर उचलला असता तिला लागेल का, याचाही विचार करून माल रिकामा करण्याची जागा ठरवावी.

मग साफसफाई. वरची सहा ते नऊ इंच सुपीक माती खरवडून एका कोपऱ्यात वेगळी रचून ठेवावी. बागेसाठी तीच पुढे विकत घ्यावी लागते. झाडांची मुळे पूर्ण काढावीत, कारण पायाखाली राहिलेले मूळ कुजते, पोकळी तयार होते आणि वाळवीला आयता रस्ता मिळतो. जुनी विहीर किंवा शोषखड्डा सापडल्यास ठेकेदाराला तो परस्पर बुजवू देऊ नये. अभियंत्याचा निर्णय येईपर्यंत तिथले काम थांबवावे.

आखणी अभियंत्याच्या देखरेखीखाली फक्कीने करावी आणि मध्यरेषांच्या खुणा खोदाईच्या क्षेत्राबाहेर पक्क्या ठेवाव्यात. रस्त्याकडेची न हलणारी एखादी वस्तू बेंचमार्क, म्हणजे पातळी मोजण्याचा स्थिर संदर्भ, म्हणून निश्चित करून, ऑटो लेव्हलने किंवा साध्या पाणीलेव्हलने जागेवरच्या सर्व कोपऱ्यांची पातळी नोंदवावी आणि त्या नोंदीवर ठेकेदाराची सही घ्यावी. काम सुरू झाल्यावर मूळ जमीन किती उंच होती हे सांगणारा हा एकच पुरावा उरतो.

शेजाऱ्यांना भेटून तारीख सांगावी आणि त्यांच्या भिंतींवर आधीपासून असलेल्या भेगांची छायाचित्रे त्यांच्यासमोर काढावीत. हा शिष्टाचारही आहे आणि संरक्षणही.

खोदाई सुरू असताना

२९ जून २०१९ रोजी पुण्याच्या कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामाच्या जागेवरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यांत लहान मुलेही होती. पावसाने भिजलेली माती आणि तिच्याकडेला उभी असलेली भिंत किती धोकादायक असते, हे प्रत्येक घरमालकाने मनावर घ्यावे. शेजारच्या पायाच्या तळापेक्षा खोल जायचे असेल तर सलग चर न काढता एकाआड एक तुकडे खोदावेत आणि अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय तिथे यंत्र लावू नये. खड्डा दीड मीटरपेक्षा खोल असेल तर बाजू उतरत्या ठेवाव्यात किंवा त्यांना आधार द्यावा. काढलेली माती कडेपासून किमान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे जास्त असेल तितकी दूर टाकावी. कडेवर रचलेला ढीग हेच खड्डा ढासळण्याचे नेहमीचे कारण असते. रात्री खड्ड्यांभोवती कठडा आणि दिवा असावा. काम करणाऱ्यांच्या डोक्यावर हेल्मेट असावे, आणि मजुरांची मुले खड्ड्यांजवळ फिरकणार नाहीत याची जबाबदारी ठेकेदाराइतकीच मालकाचीही आहे.

यंत्राने शेवटचे सहा इंच खोदू नयेत. ते हाताने, टिकाव-फावड्याने काढले म्हणजे तळ सैल होत नाही. तळ तयार झाला की रचना अभियंत्याने तो स्वतः पाहून लेखी मान्यता द्यावी, आणि शक्यतो त्याच दिवशी पीसीसी (सळईविना साधे काँक्रीट) टाकून तो झाकावा. उघडा मुरूम एका पावसात चिखल होतो. चुकून जास्त खोल गेलेला खड्डा सैल मातीने भरून पातळीला आणण्याची सवय फार घातक आहे. ती जादा खोली ठेकेदाराच्या खर्चाने कमी सिमेंटच्या काँक्रीटनेच भरली पाहिजे, हे करारात असावे.

हंगामाचे भान इथे कामाला येते. दिवाळीनंतर जमीन वाळलेली असते, भूजल खाली गेलेले असते, आणि मे संपेपर्यंत पाया व जोते पूर्ण करण्याएवढा अवधी मिळतो. काळ्या मातीत पावसाळ्यात यंत्र नेणे म्हणजे यंत्र रुतवणे आणि रुतलेल्या तासांचे पैसे भरणे.

कोकण आणि गोवा

कोकणात जांभा वरून टणक दिसतो, पण त्याखाली बऱ्याच ठिकाणी मऊ, पांढरट किंवा लालसर चिकणमाती असते; वरच्या थरावर विसंबून उताराचा पायथा कापला की पहिल्या मोठ्या पावसात वरची दरड खाली येते. तिथे पायऱ्या-पायऱ्यांनी कापणी, माथ्याकडून येणारे पाणी वळवणारा पक्का चर आणि आधारभिंत हे तिन्ही पावसापूर्वी पूर्ण झालेच पाहिजेत. गोव्यात नगर व ग्राम नियोजन अधिनियम, १९७४ च्या कलम १७-अ नुसार डोंगराळ जमीन कापण्यासाठी किंवा सखल जमीन भरण्यासाठी मुख्य नगर नियोजकांची पूर्वपरवानगी लागते, त्यामुळे तिथे ठेकेदाराशी बोलण्याआधी त्या कार्यालयाशी बोलावे.

निघालेली माती, मुरूम आणि स्वामित्वधन

माती आणि मुरूम ही महाराष्ट्रात गौण खनिजे आहेत. आपल्या भूखंडातून निघालेली माती त्याच भूखंडावर भरावाला वापरली तर स्वामित्वधन (रॉयल्टी) लागू होत नाही; पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये याच दिशेने निर्णय दिला होता. मात्र ती जागेबाहेर नेताना तहसील कार्यालयाची परवानगी, स्वामित्वधन आणि वाहतूक पास या तिन्ही गोष्टी लागतात. ‘ठेकेदार बघून घेईल’ या भरवशावर राहू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) नुसार अनधिकृत उत्खननाला बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि यंत्रे व वाहने जप्तही होतात. बाहेरून मुरूम विकत घेतानाही प्रत्येक गाडीचा ‘महाखनिज’ प्रणालीवरील वाहतूक पास मागून त्याची प्रत जपून ठेवावी. माती ओढ्यात किंवा रस्त्याकडेला रिकामी होत नाही ना, हे पाहण्यासाठी पहिल्या एक-दोन फेऱ्यांबरोबर घरचे कोणीतरी जावे.

परतभरणी आणि जोते

घर उभे राहिल्यावर खचणाऱ्या फरश्यांचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. वेळ वाचवण्यासाठी जेसीबीने अख्खा खड्डा एकदम लोटून भरला जातो, वरून पाणी सोडले जाते आणि ‘पावसात बसेल’ असे सांगितले जाते. भरणी आठ इंचांपेक्षा जाड नसलेल्या थरांत करावी, प्रत्येक थर ओलसर करून धुमसाने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने चोपावा आणि मगच पुढचा थर टाकावा. जोत्यात काळी माती एक पाटीसुद्धा जाऊ देऊ नये, कारण ती पायाखाली नसली तरी फरशीखाली तशीच फुगते. तिथे चांगला मुरूमच हवा. एक हजार चौरस फुटांचे जोते अडीच फूट भरायचे असेल तर पंचवीस ब्रास दाबलेला भराव लागतो, म्हणजे सैल मुरूम एकतीस ब्रासांच्या आसपास मागवावा लागेल. भरणी पूर्ण झाल्यावर सोलिंग (फरशीखालचा दगडांचा थर) टाकण्यापूर्वी वाळवी प्रतिबंधक औषधाची फवारणी करून घ्यावी. भिंतींलगतच्या परतभरणीतही ती करतात, त्यामुळे फवारणी करणाऱ्या माणसाला भरणी सुरू होण्याआधीच बोलावून ठेवावे.

बिलाचे शेवटचे दहा टक्के परतभरणी चोपून, जागा साफ होऊन आणि उरलेला माल पासांसह बाहेर गेल्यावर द्यावेत. अंतिम मोजमाप पातळीच्या मूळ नोंदीशी ताडून, दोघांच्या सह्यांनी, जीएसटीसह पक्क्या बिलावर करावे, आणि अभियंत्याने दिलेली तळाची मान्यता, थरांची छायाचित्रे व स्वामित्वधनाच्या पावत्या बांधकाम परवानगीच्या फाइलमध्ये लावून ठेवाव्यात. जोते तपासणीच्या वेळी किंवा पुढे वरचा मजला चढवायचा झाल्यास अभियंता सर्वांत आधी हेच कागद मागतो.